मदत हवी आहे: सांडपाण्यातल्या घाणीच्या मापाचे (बीओडी) दोन रिपोर्ट, चौपट फरक. कुठला धरू?

रबाळेकर: रबाळे एमआयडीसीत टिफिनचं किचन आहे. ईटीपीवाला (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट बसवणारा) म्हणतो आकडा द्या, मग टाकीचं बघू. एका लॅबचा बीओडी लिटरला 310 मिलिग्रॅम, दुसरीचा 1250. कुठला धरू? उद्या कोटेशन हवंय.

विद्राव्य: सीओडी (तीच घाण, पण रसायनाने मोजलेली)? पीएच? पाणी दिवसाला किती? पत्रिका न दाखवता मुहूर्त विचारताय.

रबाळेकर: सीओडी दोन्हीकडे 2400च्या आसपास. रोज दहा हजार लिटरचे दोन टँकर लागतात.

मेधा_ऐरोली: एकीने 3 दिवस 27 अंशांवर ठेवलं असेल, दुसरीने 5 दिवस 20 अंशांवर.

विद्राव्य: त्याने चौपट फरक पडत नाही हो, दोन्हींचे आकडे जवळपासच येतात. पीएच सांगा राव.

एमबीबीआर_भक्त: आकड्यांत कशाला अडकता, सरळ एमबीबीआर (तरंगत्या प्लास्टिकच्या तुकड्यांवर जंतू वाढवणारी टाकी) टाका. आमचा मस्त चाललाय.

घोडबंदरकर: आमच्या सोसायटीच्या एसटीपीला (मैलापाण्याच्या प्लांटला) पहाटे भयंकर वास येतो. काय करावं?

रबाळेकर: पीएच 11.2. कढया कॉस्टिक सोड्याने धुतो तेव्हाचं पाणी आहे, एवढा असणारच ना! दुपारी चारला एकाच बादलीतून दोन बाटल्या भरल्या.

विद्राव्य: हे आधी सांगायचं! बीओडी म्हणजे जंतूंनी घाण खाताना वापरलेला ऑक्सिजन. 11 पीएचला जंतूच मेले तर खाणार कोण? पहिल्या लॅबने पीएच 7च्या आसपास न आणता, सीड (जंतूंचं विरजण) न घालता बाटली लावलेली दिसते. सीओडी डायक्रोमेटमध्ये उकळून काढतात, त्याला जंतू लागत नाहीत, म्हणून तो जुळला. 2400ला 1250 म्हणजे निम्मं, किचनला पटण्यासारखं. 20 केएलडीला (दिवसाला 20 हजार लिटर) रोज 25 किलो बीओडी. 310 धरलात तर 6.2 किलो, टाकीत हवा सोडणारा ब्लोअर पहिल्याच दिवशी धापा टाकेल.

पण 1250सुद्धा एका बादलीचा आहे. पहाटे तांदूळ धुता, नंतर तळण, मग कॉस्टिक. दिवसभर दर तासाला, जितकं वाहतं त्या प्रमाणात घेऊन एकत्र करा. कॅन बर्फात ठेवा, त्याच दिवशी लॅबला द्या. ऑइल-ग्रीसही तपासा.

मेधा_ऐरोली: टँकरवरून फ्लो धरू नका. भाता-आमटीत गेलेलं पाणी गटारात येत नाही.

रबाळेकर: अहो, कोटेशन उद्या आहे!

विद्राव्य: मग चार दिवसांनी मागा.

एमबीबीआर_भक्त: एमबीबीआर सगळं सांभाळून घेतो.

विद्राव्य: 25 किलोचा की 6चा?

घोडबंदरकर: वासाचं कोणी सांगेल का?