पुण्याच्या पाण्यासाठी पहिला फ्लाय रॉड: फायबरग्लास घ्यावा की नाही?

भीमाकाठ (धागा सुरू)

माझं मत आधीच सांगून टाकतो. पुण्याच्या आसपास फ्लाय (पिसं-दोऱ्याचा, किड्यासारखा हलका गळ) टाकायला शिकणाऱ्याने पहिला रॉड फायबरग्लासचाच घ्यावा. साडेसात फूट, 5 नंबर (नंबर म्हणजे रॉडला लागणाऱ्या लाइनचं वजन), एस-ग्लास (काचधाग्याची ताठ जात).

इथे चिलापी आणि लहान महसीर काठापासून आठ-दहा मीटरवर लागतात. लीडर (लाइनच्या पुढचा पातळ दोरा) सोडला तर टोकाबाहेर लाइन जेमतेम पाच-सहा मीटर असते. 5 नंबरच्या लाइनचं प्रमाण वजन पहिल्या 30 फुटांना 140 ग्रेन, म्हणजे साधारण 9.1 ग्रॅम. आपण तर त्यातली अर्धी-पाऊणच बाहेर काढतो. तेवढ्या वजनाने ताठ कार्बन रॉडचं फक्त टोक हलतं. ग्लासचा रॉड तेवढ्यावरही मधल्या भागापर्यंत वाकतो आणि ते वाकणं मुठीत कळतं. शिकणाऱ्याला नेमकं तेच कळायला हवं.

लाइन मात्र खऱ्या वजनाची घ्या. हल्ली खोक्यावर 5 लिहिलेल्या बऱ्याच लाइनी अर्धा-एक नंबर जड असतात, कारण त्या ताठ रॉडसाठी बनवलेल्या असतात. तशी लाइन ग्लासवर चढवली की रॉड वाकून बसतो, वेळेत सरळच होत नाही. लूप (हवेतल्या लाइनचा वळसा) रुंद होतो, फ्लाय पाण्यावर ढप्पकन पडते आणि दोष मात्र रॉडच्या माथी जातो.

जलपर्णी (उत्तर)

साफ असहमत. तुम्ही अंतर मोजलं, वारा मोजला नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर मुळशी-पानशेतच्या काठावर पश्चिमेचा वारा सुटतो. त्याला तोंड देऊन टाकायला अरुंद लूप आणि लाइनचा वेग लागतो. ग्लास तिथेच कमी पडतो. कार्बनचा धागा साध्या काचधाग्याच्या, म्हणजे ई-ग्लासच्या, सुमारे तिप्पट ताठ असतो आणि वजनाने हलकाही. 1970 च्या दशकात ग्रॅफाइट, म्हणजे हाच कार्बन, आल्यावर ग्लास मागे पडला, तो काही उगाच नाही.

दुसरी गोष्ट मरळ. मरळ जलपर्णीच्या कडेला असते, तोंड हाडाचं, आणि गळ लागला की थेट मुळांत घुसते. पहिल्या दोन सेकंदांत तिला बाहेर ओढलं नाही तर मासा गेला, वर फ्लायही गेली. मऊ रॉडमध्ये तुमचा झटका रॉडच पिऊन टाकतो, गळाचं टोक रुततच नाही.

महसीरबद्दलही बोलायला हवं. उन्हाळ्यात पाणी गरम, त्यात प्राणवायू कमी. मऊ रॉडवर मासा दहा मिनिटं खेळवलात तर सोडल्यावर तो जगेल याची खात्री नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवर इतकी वर्षं महसीरची पैदास करत आहे. त्या माशाला आपण दमवून मारायचं का?

भीमाकाठ

मरळीचं एकदम मान्य. तिच्यासाठी 8 नंबरचा ग्रॅफाइटच. त्यात वाद नाही.

पण मासा दमतो तो रॉड उभा धरल्यामुळे. आभाळाकडे टोक केलंत की सगळा ताण पातळ टोकावर येतो, मग रॉड कुठलाही असो. रॉड कुशीला, पाण्याशी कमी कोनात आडवा धरा आणि मासा जिकडे पळतोय त्याच्या उलट बाजूला ओढा. मग मुठीजवळचा जाड भाग काम करतो. चांगल्या ग्लासला तिथे भरपूर दम असतो. गळ रुतवायचाही रॉड उचलून नाही, डाव्या हाताने लाइन खेचून.

फेरुल (उत्तर)

दोघेही 'ग्लास' म्हणजे एकच वस्तू असल्यासारखं बोलताय. ई-ग्लासपेक्षा एस-ग्लास साधारण 20 टक्के ताठ असतो, म्हणून तोच दम पातळ भिंतीत बसतो आणि रॉड हलका होतो. इकडच्या दुकानांत 'फायबरग्लास रॉड' मागितला की बहुतेकदा भरीव कांडीचा स्पिनिंग रॉड पुढे येतो. तो फ्लायसाठी निरुपयोगी. फ्लाय रॉडचा ब्लँक (नुसती कांडी) पोकळ असतो आणि रीलची जागा मुठीच्या खाली, अगदी बुडाशी असते. गाइड (लाइन ओवायच्या कड्या) साधारण फुटाला एक, वर एखादा जास्त. साडेसात फुटांवर चारच गाइड दिसले तर लाइन मध्ये लोंबकळून ब्लँकला घासणार.

वापरलेला घेणार असाल तर आधी जोड बघा. आतून खुंटी असलेला जोड पूर्ण बसवल्यावर दोन तुकड्यांमध्ये पाचेक मिलिमीटर फट राहायलाच हवी. ती फट बघून लोक घाबरतात आणि ठोकून बंद करतात. उलट फट मिटलेली असेल तर खुंटी झिजली आहे. असा जोड टाकताना सैल होतो आणि एके दिवशी वरचा तुकडा पाण्यात जातो. खुंटीवर साध्या मेणबत्तीचं मेण चोळायचं. तेल कधीच नाही.

मग अंधाऱ्या खोलीत ब्लँकच्या मागे टॉर्च धरा. रंग न दिलेला ग्लास अर्धपारदर्शक असतो. धागे सुटलेत तिथे पांढुरका डाग दिसतो, बहुधा जड फ्लाय आपटल्याची खूण. त्या जागी रॉड मोडणार हे धरून चाला. गाइडच्या पायाशी वार्निशला केसासारखी चीर असेल तर घाबरू नका, दोरा नव्याने गुंडाळता येतो.

दोन रॉडची तुलना करायची तर मूठ टेबलाला आडवी बांधा, टोकाला हलकी पिशवी लावा आणि टोक लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत नाणी टाका. नाणी सोनाराच्या काट्यावर तोला. दोघांवर 5 लिहिलेलं असूनही वजनात फरक निघाला तर जास्त वजन पेलणाऱ्याला जड लाइन लागेल. त्याच वेळी टोकाचा आडव्या रेषेशी कोन मोजा. 60 अंशांच्या आत असेल तर रॉड संथ, खोलवर वाकणारा.

जलपर्णी

ही माहिती कामाची आहे. मग मधला मार्ग म्हणून नऊ फुटी, 6 नंबरचा ग्लास घ्यायला काय हरकत? वाऱ्यालाही चालेल.

फेरुल

हरकत आहे. ग्लासमध्ये लांबी वाढली की टोकाचं वजन हाताला भारी पडतं. थांबल्यावर टोक दोन-तीनदा लचकतं आणि लाइनमध्ये लाटा उठतात. वाऱ्यात त्या लाटाच नडतात. 6 नंबर हवाच असेल तर आठ फुटांवर थांबा. नऊ फूट हवे असतील तर ग्रॅफाइट घ्या.

भीमाकाठ

आठ फूट 6 नंबर मलाही चालेल. फक्त हात सावकाश चालवा: मागे नेल्यावर लाइन पूर्ण सरळ होऊ द्या, मगच पुढे, आणि जोर शेवटच्या वीतभरातच. सुरुवातीलाच जोर लावला तर टोक दबतं, लाइनचा वरचा भाग खालच्याला ओलांडतो आणि लीडरला गाठ बसते. 4 एक्स टिपेटवर (लीडरच्या टोकाचा बारीक दोरा) अशी एक गाठ बसली की ताकद निम्म्यावर येते. गाठ दिसली की तेवढा तुकडा कापून टाका.