उमेदवार एकच, मग सोव्हिएत युनियनमधे मतदान कशाला घ्यायचे?

पाटीलबुवा७७: आमच्याकडे ग्रामपंचायत बिनविरोध झाली की मतदानच नाही, फॉर्म मागे घेतले, गुलाल उधळला, विषय संपला. पण सोव्हिएतमधे पक्ष एक, मतपत्रिकेवर नाव एक, तरी कोट्यवधी माणसं रविवारी उठून मत द्यायला जायची ती का? आणि विरोधात द्यायचं असेल तर?

निवांत: कायद्याने सोय होती की, नाव खोडायचं. गंमत अशी की होकार असेल तर काहीच करायचं नाही, घडी घालून सरळ पेटीत. पडद्याआड गेलात म्हणजे खोडायलाच गेलात, हे टेबलावर बसलेल्यांना लगेच कळायचं. १९८४ ला ९९.९९ टक्के मतदान दाखवलंय, घ्या!

रेणू_ठाणे: आकडा फुगवलेला असणारच, पण मेहनतही घ्यायचे हो. वस्तीवस्तीत प्रचारक नेमलेले, तुम्ही आला नाहीत की दार वाजवायचे. लोकही बेरकी, आधी गळकं छप्पर दुरुस्त करा मग येतो म्हणायचे 😄 केंद्रावर खायचे स्टॉल, एरवी दुकानात न दिसणारी संत्री नि सॉसेज. आणि मी त्या दिवशी परगावी असा दाखला काढला की इथल्या यादीतून नाव कमी, मग मत न देता टक्केवारी शाबूत, प्रचारकही खूश.

पाटीलबुवा७७: म्हणजे नाटकच. खोडून कुणी मोठा पडलाय का कधी?

निवांत: २६ मार्च १९८९! गोर्बाचोव्हच्या काळातली नवी संसद, २२५० जागा. त्यातल्या ७५० संघटनांना राखीव, पैकी १०० थेट कम्युनिस्ट पक्षाला, तेव्हा फार भारावू नका. पण यावेळी सगळ्यांनाच पडद्यामागून जायला लावलं, त्यामुळे कोण खोडतंय कळेना. लेनिनग्राडचे पक्षप्रमुख युरी सोलोव्योव्ह, समोर कुणीही नाही, तरी आपटले, कारण निम्म्याहून जास्त लोकांनी नाव खोडलं. निम्म्याहून जास्त मतं हवीत हा नियम आधीपासून होताच, वरच्या पातळीवर कुणी वापरला नव्हता इतकंच. त्याच जुलैत पक्षाचं पदही गेलं.

अडाणी_मतदार: आणि आपल्याकडे विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याखालचा उमेदवार आमदार. राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मधे स्थानिक निवडणुकांत अशा वेळी फेरनिवडणूक घ्यायचं ठरवलं, पण उमेदवारच एक असेल तर नोटाचं बटण दाबायला मशीनच येत नाही. सोलोव्योव्ह इकडे असते तर सरपंच झाले असते.