गेट ते सी-विंग रस्ता: डांबरीकरणाची कोटेशनं

सेक्रेटरी: तीन कोटेशनं आली आहेत, पीडीएफ वर टाकलीय. पाऊस लागायच्या आधी उरकायचं तर रविवारपर्यंत कळवा.

मंजिरी (बी-३०२): जरा थांबा. नागपूरजवळ झाडापाल्याच्या डांबराचा रस्ता झालाय, पेट्रोलियम अजिबात नाही. पर्वरीत कोणी देत नाही का ते?

नाईक काका (ए-१०१): अजिबात नाही असं नव्हे, बाय. नागपूर-मनसर बायपासचा तो १ किलोमीटर. डिसेंबर २०२४ मध्ये गडकरींनी उद्घाटन केलं. त्यात १५ टक्के लिग्निन, बाकी आपलं नेहमीचंच बिटुमेन, म्हणजे पेट्रोलियमचं डांबर. लिग्निन म्हणजे लाकडाचे तंतू धरून ठेवणारा डिंक. कागद गिरणीत, पेंढ्याचं इथेनॉल करताना उरतो तो. एरवी बॉयलरमध्येच जातो.

प्रथमेश (सी-४०४): फक्त १५? 😅

नाईक काका: आपल्या देशाचं निम्म्याच्या आसपास बिटुमेन बाहेरून येतं रे. त्यातलं १५ टक्के वाचलं तरी थोडं नाही. आणि लिग्निन वाढवत गेलं की डांबर कडक होतं, मग तडे. दुसरा मार्ग पेंढा हवा न लागू देता तापवायचा आणि निघेल त्या तेलाचं डांबर करायचं. मेघालयात जोराबाट-शिलाँग रस्त्यावर त्याचा १०० मीटरचा तुकडा घातलाय.

काकी (ए-१०१): आणि आमचा काजू? टरफलाचं तेल आमचे पपा होडीच्या बुडाला फासायचे. बिया भाजताना थेंब उडाला आणि माझ्या ओठाची साल निघाली होती, अजून आठवतं!

नाईक काका: बरोबर बोललीस (आज पहिल्यांदाच). डांबर खडीला घट्ट धरावं म्हणून ते तेल मिसळायचे प्रयोग झालेत.

मंजिरी: मग मागूया की!

नाईक काका: दोन टिप्पर मालासाठी हॉटमिक्सवाला वेगळं डांबर तापवणार नाही. शिवाय आपला रस्ता डांबरामुळे गेलेलाच नाही. काल सी-विंगच्या वळणावर छत्रीच्या टोकाने उकरलं. खडी सुटून हातात आली, धुतल्यासारखी स्वच्छ, काळा कण नाही. तिथे पाणी तुंबतं. ते खडी आणि डांबराच्या मध्ये शिरतं, वरून गाड्या जातात, की सुटलंच. तिथे पेंढ्याचं घाला नाहीतर सोन्याचं.

प्रथमेश: गटार माझ्या खिडकीखाली आहे. गेल्या पावसापासून त्यात नारळाची चुडतं आहेत. दोनदा सांगून झालं.

सेक्रेटरी: सांगितलं होतंस, माझ्याकडून राहिलं. तर कोटेशनमध्ये काय बदलून घेऊ?

नाईक काका: डांबर व्हीजी-३० (रस्त्याच्या डांबराची एक प्रत) असं लेखी घ्या. गटार आणि उतार यांचा दर वेगळा मागा, तिघांनीही तो एकूण रकमेतच गुंडाळलाय. उतार नसेल तर मी सही करणार नाही.

काकी: रविवारी सकाळी वळणावरच्या गाड्या हलवा हं. हे बादली घेऊन उतार बघायला येणार आहेत.

मंजिरी: मी पण येते. काका, ती खडी टाकू नका, मला बघायचीय.