कृष्णधवल चित्र : सोर्स तपासा

डीव्हीडी प्लेअरची पिवळी वायर नव्या टीव्हीला लावली तर आवाज येतो पण चित्र कृष्णधवल, असं वर विचारलंय. प्लेअर बहुधा ठणठणीत असावा. बऱ्याच नव्या टीव्हींना वेगळं पिवळं सॉकेट नसतंच. हिरवंच कंपोझिट (सगळं चित्र एका पिवळ्या वायरीतून) आणि कंपोनंट (चित्र हिरव्या-निळ्या-लाल अशा तीन वायरींतून) दोन्हींसाठी चालतं. पिवळी पिन त्यात घालून टीव्हीच्या सोर्समध्ये (कुठल्या सॉकेटचं चित्र दाखवायचं ते ठरवणारा मेनू) 'एव्ही' निवडा. 'कंपोनंट' निवडलं असेल तर टीव्ही त्या वायरीतून फक्त उजेड-अंधाराची माहिती घेतो आणि रंगांसाठी निळ्या-लाल वायरींची वाट बघत बसतो.

प्लेअरला हिरवी-निळी-लाल सॉकेटं असतील तर मी तरी त्याच तीन वायरी लावीन, चित्र बरंच स्वच्छ येतं. आवाजाच्या लाल-पांढऱ्या वेगळ्या लागतातच. (दोन लाल पिनांची अदलाबदल हमखास होते!)

एका प्रतिसादात एका टोकाला तीन पिना आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी साधी केबल सुचवलीय, ती घेऊ नका. पिनांमधला सिग्नल अ‍ॅनालॉग असतो, एचडीएमआयला डिजिटल लागतो, आणि नुसत्या वायरीने अ‍ॅनालॉगचं डिजिटल होत नाही. मध्ये वीज लागणारा कन्व्हर्टर हवा. त्यानेही तपशील वाढत नाही, पालचं (आपल्याकडच्या जुन्या टीव्ही-पद्धतीचं) चित्र मुळात ५७६ ओळींचंच असतं.