मदत हवी आहे: प्लेन टायगर की डॅनेड एगफ्लाय? (नाशिक, तीन फोटो)

रुईचं_बोंड:
पांडवलेण्याच्या पायथ्याच्या फुलपाखरांच्या नोंदी आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींचं ॲप) चढवायच्या आहेत. तीन ठिकाणी गाडी अडली आहे.
१. केशरी, पुढच्या पंखांची टोकं काळी, त्यात पांढरा पट्टा. फोटो वरून, पंख उघडे. ॲप ठामपणे प्लेन टायगर म्हणतंय, पण मागच्या पंखावर मला एकच काळा ठिपका दिसतोय.
२. गवतावरचं पिवळं, पंख मिटलेले. कॉमन ग्रास यलो की थ्री-स्पॉट?
३. नखाएवढं निळं, पंख मिटलेले. फोटो हललाय.
खुणा नेमक्या कुठे बघायच्या?

पानगळ:
पहिल्यात ॲपचं ऐकू नका, ते रंगावर जातं. ठिपके मोजा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधल्या कोष्ठाभोवती (शिरांनी वेढलेला पंखाचा मधला भाग) तीन काळे ठिपके असतात. नराला चौथा, जरा जाडसर, तो गंधाचा डाग. डॅनेड एगफ्लायच्या (छोटा चांदवा) मादीला एकच, तोही पंखाच्या वरच्या कडेलगत. पुढचा पंख त्यावर चढला तर तो अर्धा झाकतो, पण टायगरचे बाकीचे ठिपके तरी उघडेच राहतात.

दुसरी खूण मागच्या पंखाची कड. टायगरची गुळगुळीत, चांदव्याची नागमोडी, झालरीसारखी. इथे फसगत होते: जुन्या टायगरचे पंख फाटून कड दातेरी दिसते. फाटलेली कड दोन्ही बाजूंना वेगवेगळी असते, झालर दोन्हीकडे सारखी.

अंडं घालताना सापडलं तर काम सोपं. रुईवर असेल तर टायगर, घोळीवर असेल तर चांदवा. फुलावर मध पिताना दिसलं तर त्यावरून काहीच ठरत नाही. आणि नुसता 'चांदवा' लिहू नका, 'मादी' लिहा. नर काळा असतो, पंखांवर मोठे पांढरे ठिपके; त्याचा या घोळाशी संबंध नाही.

मोसम_खोरे:
+१. पिवळ्यासाठी पुढच्या पंखाची खालची बाजू लागते. मधल्या कोष्ठात दोन खुणा असतील तर कॉमन, तीन असतील तर थ्री-स्पॉट. पण ऋतूनुसार या खुणा कमी-जास्त ठळक होतात, आणि पुढचा पंख मागच्याच्या आड सरकला की झाकल्याच जातात. तसं असेल तर 'युरेमा' (दोघांची प्रजाती, म्हणजे जीनस) एवढंच लिहा. अर्धवट ओळख ही चूक नाही, अंदाजाने दिलेली नेमकी ओळख ही चूक.

निळ्यात पण खालचीच बाजू. पुढच्या पंखाच्या कोष्ठात ठिपका असेल तर पेल किंवा डार्क ग्रास ब्लू. नसेल तर लेसर किंवा टायनी. टायनीला पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला दोन बारीक ठिपके. हललेल्या फोटोत हे दिसणार नाही, 'लायसीनिडी'वर (या छोट्या निळ्यांचं कुळ) थांबा.

पानगळ:
पुढच्या वेळी एकाच फुलपाखराचे तीन फोटो घ्या: पंख मिटलेले, उघडे, आणि बसलेली वनस्पती. मिटलेल्या पंखांना कॅमेरा अगदी समांतर धरा, तिरका धरला की एका टोकाचे ठिपके पुसट होतात. शटरचा वेग १/५०० सेकंद तरी हवा. सकाळी ऊन खात बसलेली असतात तेव्हा हळू जाता येतं, पण आपली सावली अंगावर पडली की उडालीच म्हणून समजा.

पकडून बघायचा मोह नको, खवले बोटांना चिकटून येतात. फ्रिजमध्ये गार करून फोटो काढणं तर नकोच. चांदव्याचं नाव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या संरक्षित यादीत आहे.

रुईचं_बोंड:
पुन्हा झूम करून पाहिलं. ठिपका वरच्या कडेलाच, झालर दोन्हीकडे सारखी. मादी चांदवा म्हणून टाकतो. पिवळ्याचा कोष्ठ झाकलेला आहे, तेव्हा युरेमा. पण नोंदीवर एकाने आधीच 'प्लेन टायगर'ला दुजोरा दिलाय, त्याचं काय?

मोसम_खोरे:
तुमची ओळख टाका आणि खाली खुणा लिहा: 'मागच्या पंखावर एकच ठिपका, कड नागमोडी'. नुसतं नाव बदललं तर पुढचा माणूस बहुमत बघून पुन्हा टायगरवरच टिचकी मारेल.