मदत हवी आहे: पोरांच्या कट्ट्यासाठी अर्ज कसा करायचा?
पुणेकरांनो, आमच्या गल्लीतल्या आठवी-दहावीच्या पोरांनी संध्याकाळी जायचं कुठे? बागेतल्या खेळण्यांवर ‘१२ वर्षांखालील मुलांसाठी’ अशी पाटी, बाकांवर आजोबा मंडळी, पार्किंगमध्ये बॉल आला की आरडाओरडा. आता पोरांनीच वहीच्या पानावर नकाशा काढलाय. बंद दिव्यांच्या खांबांवर मुलींनी लाल पेनने फुल्या मारल्यात (आम्हा मोठ्यांना हे सुचलंच नसतं!), आणि कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत कट्टा नि बास्केटबॉलची एक रिंग मागितलीय.

आपली महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना घेते. तो अर्ज पोरांच्या नावाने चालतो का, की पालकांचीच सही लागते? दिव्यांचं त्यातच घालावं की वेगळी तक्रार करावी? क्षेत्रीय कार्यालयातून असं काम कोणी करून घेतलं असेल तर सांगा प्लीज.