जुन्या मालिका परत येतात, तेव्हा मधल्या वर्षांचे काय होते?

मध्यंतर (चर्चाप्रस्ताव)

आवडती मालिका अनेक वर्षांनी परत येणार अशी बातमी वाचली की आधी आनंद होतो आणि पाठोपाठ धास्ती वाटू लागते. अशा इतक्या मालिका आता परत येऊ लागल्या आहेत की त्यांच्याकडे पाहण्याची काहीएक कसोटी आपल्यापाशी असायला हवी. माझी कसोटी येथे मांडतो. ज्यांना ती पटणार नाही, त्यांनी विरोध अवश्य नोंदवावा. मधली वर्षे हाच ज्या मालिकेच्या कथेचा विषय होतो, तिचे पुनरागमन सार्थ ठरते. जी मालिका ती वर्षे झाकू पाहते, ती केवळ आपल्या आठवणींच्या बळावर चालते आणि जाताना त्या आठवणींनाही डाग लावून जाते.

पहिले उदाहरण 'ट्विन पीक्स'चे देतो. १९९०-९१ मध्ये दोन पर्वांनंतर बंद पडलेली ही मालिका २०१७ मध्ये १८ भागांनी परत आली आणि ते सगळे भाग डेव्हिड लिंच यांनी स्वतः दिग्दर्शित केले. ज्याच्या ओढीने प्रेक्षक परत आले होते, तो उमदा, उत्साही एजंट कूपर त्यांना सोळाव्या भागापर्यंत खऱ्या अर्थाने भेटतच नाही. अनेकांना याचा राग आला, पण मला तो निर्णय अत्यंत प्रामाणिक वाटला, कारण पाव शतकानंतर कोणीही जसाच्या तसा परत येत नसतो. 'लॉग लेडी'ची भूमिका करणाऱ्या कॅथरीन कूलसन चित्रीकरणाच्या वेळी गंभीर आजारी होत्या आणि २०१५ मध्ये, मालिका पडद्यावर येण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. त्यांच्या पात्राचा निरोप हा मृत्यूविषयीच बोलतो. तेथे अभिनेत्री आणि पात्र यांच्यातले अंतर जवळजवळ मिटते, आणि असे दृश्य १९९१ मध्ये कोणालाही लिहिता आले नसते.

दुसरे उदाहरण 'गिलमोर गर्ल्स'चे आहे, कारण त्या एकाच पुनरागमनात माझ्या म्हणण्याच्या दोन्ही बाजू दिसतात. निर्मात्या एमी शर्मन-पॅलाडिनो सातव्या पर्वाआधीच मालिकेतून बाहेर पडल्या होत्या. शेवटचे चार शब्द मात्र त्यांनी फार पूर्वीच ठरवून ठेवले होते. २०१६ मध्ये चार दीर्घ भाग करण्याची संधी मिळाली, तेव्हा त्यांनी तेच शब्द वापरले. मूळ मालिका संपताना त्यातल्या मायलेकींपैकी मुलगी, रोरी, नुकतीच पदवीधर झालेली होती. आता ती ३२ वर्षांची आहे. त्या चार शब्दांत ती आईला आपण गरोदर असल्याचे सांगते; ते सांगणे बाविशीत आणि बत्तिशीत सारखे कसे असेल? जुना शेवट नव्या वयावर चढवण्यासाठी रोरीला चारही भाग पूर्वीइतकेच अजाण ठेवावे लागले. याउलट तिच्या आजोबांची भूमिका करणारे एडवर्ड हरमन २०१४ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांची जागा भरण्याचा कोणताही प्रयत्न लेखिकेने केला नाही. नवऱ्याच्या मागे उरलेली एमिली घरातल्या वस्तू काढून टाकत सुटते, अखेर घर विकून दुसऱ्या गावी जाते आणि तेथील संग्रहालयात लोकांना माहिती सांगू लागते. या पुनरागमनातला उत्तम भाग तोच आहे, आणि तो मधल्या काळाने दिलेला आहे.

चौथी भिंत (प्रतिसाद)

तुमची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे, पण कसोटी मला मान्य नाही. 'फ्रेझर' २०२३ मध्ये परत आली, तेव्हा नायक फ्रेझरच्या वडिलांची भूमिका करणारे जॉन महोनी हयात नव्हते. नव्या मालिकेने हे लपवले नाही; वडिलांच्या अंत्यविधीनंतरच कथा सुरू होते. शिवाय पूर्वी सुसंस्कृत मुलगा आणि साधा, निवृत्त पोलीस असलेला बाप असा जो संघर्ष होता, तो उलटवून आता फ्रेझर स्वतः बाप झाला आणि त्याचा मुलगा अग्निशामक दलात काम करू लागला. काळ सरल्याची इतकी स्पष्ट जाणीव असूनही ती मालिका फिकी राहिली आणि दोन पर्वांत आटोपली. तुमच्या कसोटीवर ती उत्तीर्ण व्हायला हवी होती.

दुसरी गोष्ट अशी की, काही मालिका माणसांच्या नसतात, घाटाच्या असतात. 'डॉक्टर हू' ही ब्रिटिश विज्ञानकथा-मालिका १९६३ मध्ये सुरू झाली. १९६६ मध्ये प्रकृतीच्या कारणाने विल्यम हार्टनेल यांना भूमिका सोडावी लागली, तेव्हा नायकाचे संपूर्ण शरीरच बदलते अशी कल्पना लेखकांनी काढली आणि पॅट्रिक ट्राउटन आले. त्या एका युक्तीने मालिकेला जणू दीर्घायुष्य मिळाले. १९८९ मध्ये थांबलेली मालिका २००५ मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी पुन्हा सुरू केली, तेव्हा जुने काहीही ठाऊक नसलेल्या, दुकानात काम करणाऱ्या एका तरुणीच्या नजरेतून त्यांनी ती सांगितली. ज्यांच्या जन्माआधी मूळ मालिका बंद पडली होती, अशी मुले तिच्यावर वाढली. त्यांच्या दृष्टीने मधली वर्षे नव्हतीच. केवळ जुन्या प्रेक्षकाच्या दुखऱ्या आठवणींवरून पुनरागमनाची किंमत ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

आणि ओळखीच्या माणसांत पुन्हा जाऊन बसण्याचा आनंद इतका कमी का लेखावा? दमूनभागून आलेल्या माणसाला प्रत्येक वेळी मृत्यूशी सामना नको असतो.

पानोपानी (प्रतिसाद)

चर्चा पुनरागमनांवरच थांबली आहे. पुस्तकांवरून केलेल्या मालिकांनाही येथे जागा द्यावी असे वाटते, कारण प्रश्न शेवटी एकच आहे. मात्र माझे उत्तर दोघांपेक्षा वेगळे आहे. काळ दाखवला की झाकला, यापेक्षा जुन्या गोष्टीला नव्या ठिकाणी समतुल्य काय सापडले, हे मी पाहते.

बीबीसीच्या २०१० मधील 'शेरलॉक'चा पहिला भाग आठवून पाहावा. १८८७ च्या कादंबरीत वॉटसन अफगाणिस्तानच्या युद्धात जखमी होऊन परतलेला असतो. सव्वाशे वर्षांनंतरच्या वॉटसनसाठी त्यात अक्षराचाही बदल करावा लागला नाही, आणि हा योगायोग मनाला अस्वस्थ करतो. मूळ कथामालेत होम्स वॉटसनच्या भावाचे खिशातले घड्याळ पाहतो आणि किल्लीच्या छिद्राभोवतीच्या ओरखड्यांवरून तो भाऊ मद्यपी होता, असे सांगतो. मालिकेत घड्याळाच्या जागी मोबाइल आला, किल्लीच्या छिद्राऐवजी चार्जर लावण्याची जागा आली, आणि भाऊ म्हणून ओळखलेली व्यक्ती बहीण निघाली, म्हणजे होम्सचा तर्कही एका ठिकाणी चुकला. शब्दाशी इमान राखणारे रूपांतर मी पाहिले आहे आणि मला ते प्रियही आहे, परंतु मूळ लेखकाची विचार करण्याची रीत इतक्या नेमकेपणाने उचललेली मी क्वचितच पाहिली. पुढच्या पर्वांत नायकाच्या चमत्कारांचेच कौतुक वाढत गेले आणि तो तोल ढळला, हेही नोंदवते.

आपल्याकडचे उदाहरण 'श्रीयुत गंगाधर टिपरे'चे. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या रोजनिशीच्या रूपातल्या लेखनावरून ती मालिका झाली. रोजनिशीत एकाच माणसाचा आवाज असतो आणि पडद्यावर तो तसाच ठेवला, तर सतत निवेदन ऐकावे लागते. येथे पाच माणसांचे घर उभे केले गेले, रोजनिशी लिहिणाऱ्या आबांना त्या घरात एक कोपरा दिला गेला, आणि त्यांचा बारकाईने पाहणारा, चिडणारा, पण माया न सोडणारा स्वभाव सगळ्या घरात झिरपला. आठवड्यातून एकदाच येणाऱ्या भागामुळे प्रत्येक प्रसंगाला आटोपशीर आकार मिळाला. हेच लेखन रोज अर्धा तास भरण्यासाठी घेतले असते, तर तिसऱ्या महिन्यात त्यात एखादे कारस्थान शिरले असते. रूपांतरे बिघडतात ती पुष्कळदा भागांच्या मागणीमुळे बिघडतात; लेखकाला मूळ कृती कळली नाही, असे प्रत्येक वेळी नसते.

मध्यंतर (चौथी भिंत यांना उत्तर)

'फ्रेझर'चा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्यामुळे मला माझे म्हणणे अधिक नेमके करता येते. मृत्यूचा उल्लेख करणे म्हणजे काळाला विषय करणे नव्हे. तेथे बापाची रिकामी खुर्ची लगेच भरली गेली: बापाच्या जागी मुलगा बसला, मुलाच्या जागी नातू बसला आणि तेच वाद त्याच लयीत सुरू झाले. साठी ओलांडलेल्या माणसाला काय नव्याने उमगते, हा प्रश्न मालिकेने जवळजवळ विचारलाच नाही. एमिलीच्या घरात खुर्ची रिकामी राहिली, हा फरक मला निर्णायक वाटतो.

'डॉक्टर हू'चे उदाहरण तर माझ्या बाजूचे आहे. २००५ मध्ये नायक परतला, तो आपल्या लोकांतला एकटाच उरलेला म्हणून. मधल्या काळात एक महायुद्ध होऊन गेले आहे आणि त्याचा अपराधभाव तो वाहतो आहे, अशी कल्पना लेखकाने योजली. मालिका पडद्यावर नव्हती ती वर्षेच नायकाची जखम झाली. नव्या मुलांना ते कारण ठाऊक नसले, तरी त्या माणसातली उदासी त्यांच्यापर्यंत पोचलीच असणार.

सायंप्रभा (प्रतिसाद)

मी दोन्ही पक्षांच्या विरोधात आहे. जुनी मालिका नीट जपून, मूळ चौकटीत पुन्हा दाखवावी. नवी काढू नये. 'फॉल्टी टॉवर्स'चे अवघे १२ भाग झाले आणि तेवढ्यांवर ती आजही उभी आहे. उलट जतनाची हेळसांड किती होते ते पाहा: 'डॉक्टर हू'च्या १९६० च्या दशकातल्या अनेक भागांच्या फिती पुसल्या गेल्या, आणि 'द सिम्पसन्स'चे जुने भाग २०१९ मध्ये रुंद पडद्यासाठी वरून-खालून कापून दाखवले गेले, त्यामुळे काही विनोदांतली चित्रेच चौकटीबाहेर गेली. लोकांनी तक्रारी केल्यावर मूळ आकाराचा पर्याय देण्यात आला.

मध्यंतर यांना एक विचारते. एमिलीची दृश्ये तुम्हाला भिडली, कारण त्याच अभिनेत्रीने सात पर्वे त्या दांपत्याचा संसार तुमच्यासमोर मांडला होता. कूलसन यांच्या निरोपाचेही तेच. ज्याने मूळ मालिका पाहिलेली नाही, त्याच्यासमोर ही दृश्ये ठेवली तर तो कशाने हलेल? पुनरागमनाच्या नावावर तुम्ही जे जमा धरता आहात, त्यातले बरेचसे जुन्या मालिकेच्याच खात्यावर जायला हवे.

चौथी भिंत (सायंप्रभा यांना उत्तर)

जतनाविषयी पूर्ण सहमती आहे. पण त्या सात पर्वांना त्यांचा शेवट २०१६ मध्येच मिळाला, कारण एमिली एकटी पडल्यावर काय करील, हे सांगण्याची वेळ त्याआधी आलीच नव्हती.